लहरी हवामानात उस्मानाबादी शेळ्या किती ठेवायच्या आणि कधी विकायच्या

भूम तालुक्यातल्या एका तरुण भावाचा प्रश्न आहे. त्याच्याकडे २२ उस्मानाबादी शेळ्या आणि एक बोकड होता. २०२५ च्या मे महिन्यात अवकाळी पावसानं कडबा भिजला. जूनमध्ये कोवळा चारा फुटला आणि आठवड्याभरात सहा करडं गेली. सप्टेंबरच्या पुरात चार शेळ्या दावणीलाच मेल्या. तो विचारतो, "हवामानाचा काही भरवसा राहिला नाही. शेळ्या ठेवू का विकून टाकू? आणि ठेवल्या तर कशाच्या आधारावर ठेवू?"

भाऊ, सगळ्या विकू नका. पण राहिलेल्या अठराच्या अठरा घेऊनही पुढच्या उन्हाळ्यात जाऊ नका. किती घेऊन जायच्या ते खाली हिशेबानं सांगते. मी तुळजापूर तालुक्यात २३ वर्षं शेळ्या राखतेय आणि आसपासच्या गावांत पशुसखी म्हणून, म्हणजे जनावरांची काळजी सांगत, फिरते. या वर्षांत पाऊस वेळेवर आलाय असं मोजकंच आठवतं. तरीही वाडा टिकला, कारण पावसाचा अंदाज बांधत बसणं मी सोडलं आणि संख्या वेळेवर कमी करायला शिकले.

ते शिकायला मला २०१२ चा दुष्काळ लागला. तेव्हा माझ्याकडे ३१ शेळ्या होत्या. पाऊस कमी झालेला दिसत होता, तरी परतीचा येईल, मग रब्बीचं काहीतरी निघेल, असं म्हणत मी जानेवारी गाठली. जवळच्या चारा छावणीत गाई-बैल घेत होते, शेळ्या घेत नव्हते. फेब्रुवारीत सगळ्या गावानं एकदमच शेळ्या बाजारात आणल्या. दिवाळीत मिळाला असता त्याच्या निम्मा भाव आला, आणि तोही पाठीचे मणके वर आलेल्या शेळ्यांना. ३१ च्या ९ राहिल्या. खरा तोटा दुष्काळानं केला नव्हता, वाट बघत घालवलेल्या तीन महिन्यांनी केला होता.

म्हणून आता वर्षातले तीन दिवस मी ठरवून ठेवलेत: दिवाळी, महाशिवरात्र आणि पोळा. त्या दिवशी चारा आणि शेळ्या दोन्ही मोजायच्या, आणि विकायचं ठरलं तर पुढच्या दोन बाजारांत विकून मोकळं व्हायचं.

सगळ्यात महत्त्वाची दिवाळी. खरीप निघालेलं असतं, सोयाबीनचं भुसकट घरात आलेलं असतं, तुरीचं किती येईल ते शेत बघून कळतं. आपल्याकडे रानातला चारा शिवरात्रीच्या सुमाराला संपतो आणि नवा चारा भरवशानं मिळायला जुलैचा मध्य उजाडतो. हे झाले १५० दिवस. तीस-बत्तीस किलोच्या शेळीला रानात काहीच नसेल तर रोज किलोभर कोरडा चारा लागतो, म्हणजे दीड क्विंटल. शेळी वेचून खाते, पायाखाली तुडवते, काही भिजतं, म्हणून पावणेदोन क्विंटल धरा. अठरा शेळ्यांना साडेएकतीस क्विंटल झाला. घरात सगळं मिळून पंचवीस क्विंटल असेल तर तो चौदा शेळ्यांचा चारा आहे. बोकड आणि दूध तुटलेली करडं यात वेगळी धरायची, दोन करडांमागे एक शेळी. शेवरी, सुबाभूळ, बोर, बाभळीच्या शेंगा बांधावर असतील तर तो वरकड आधार. माझ्या बांधावर शेवरीची ८० झाडं आहेत आणि मे महिन्यात गाभण शेळ्यांच्या पोटाला मोठा आधार त्यांचाच असतो. तरी मोजताना ती मी धरत नाही.

पाण्याचाही असाच हिशेब करा. उन्हाळ्यात एका शेळीला रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं, व्यायलेलीला जास्त. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी आमच्या गल्लीत शेळ्या चाऱ्याआधी पाण्यासाठी विकल्या गेल्या. बोअर मार्चमध्ये आटत असेल तर चारा कितीही असू दे, पाण्यावर जेवढ्या निभतील तेवढ्याच ठेवा.

तुमचा कडबा भिजला तो उघड्यावर रचलेला असणार. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, दगडांवर लाकडं टाकून रचा आणि वर ताडपत्री बांधा. मार्च ते मे पाऊस येणारच असं धरून चला. भुसकट पोत्यांत भरून घरात ठेवलं तर सगळ्यात उत्तम. भिजलेला कडबा वाळवून तुम्ही शेळ्यांना टाकला असेल तर पुढच्या वेळी टाकू नका. काळी-हिरवी बुरशी दिसली, कुबट वास आला की तो खड्ड्यात टाकायचा. गाभण शेळी बुरशीच्या चाऱ्यानं गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो, करडांचं यकृत खराब होतं, आणि हे नुकसान महिनाभरानं दिसतं म्हणून कुणी चाऱ्याला दोष देत नाही. मुरघास करणार असाल तर मक्याच्या दाण्यात दूध घट्ट व्हायला लागलं की कापा, पिशवीत दाबून हवा काढा, ४५ दिवस उघडू नका. पहिल्या दिवशी मूठभर द्या, आठवड्याभरात किलोपर्यंत न्या. पिशवीला भोक पडून आत बुरशी आली असेल तर तो भाग शेळीला द्यायचा नाही. त्यातून एका अंगाला मान वाकडी करून गोल फिरण्याचा आजार होतो आणि त्यातून शेळी क्वचितच वाचते.

आता कोणत्या विकायच्या. इथं बहुतेकांचं चुकतं. पैसा हवा असतो म्हणून दिसायला चांगली, चार पैसे जास्त देणारी पाठ, म्हणजे तरणी शेळी, विकली जाते, आणि मागं राहतात म्हाताऱ्या आणि रोडक्या. उलट करा. दात झिजलेली, दोनदा बोकड दाखवून न फळलेली, एक सड बंद झालेली, करडाला जवळ न घेणारी, आणि त्याच चाऱ्यावर बाकीच्यांपेक्षा रोडच राहणारी, या आधी काढा. त्यानंतर सहा महिन्यांच्या पुढचे बोकड. जुळी देणारी, दोन्ही करडं स्वतःच्या दुधावर वाढवणारी शेळी शेवटपर्यंत ठेवा. एका पावसात कळप पुन्हा भरून काढते ती हीच.

आणि एक विचारते, राग मानू नका. शेळ्यांना चारा कोण टाकतं? आई का वहिनी? विकायची यादी त्यांच्याकडून घ्या. कोणती रात्री खोकते, कोणती गव्हाणीवर मागं ढकलली जाते, कोणती करडाला पिऊ देत नाही, हे वाड्यात झाडलोट करणाऱ्या बाईला ठाऊक असतं. आमच्याकडे शेळी बहुतेक बायकांच्या बचत गटाच्या पैशातून येते आणि बाजारात मात्र गडी माणूस नेतो. वाड्यातलं बाजारात पोचतच नाही, म्हणून चुकीची शेळी विकली जाते.

विकायची वेळही हाताशी धरता येते. आखाडात मटणाला मागणी असते आणि श्रावण लागला की भाव पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला जन्मलेला बोकड आखाडापर्यंत आठ-नऊ महिन्यांचा होतो. नीट सांभाळला असेल तर अठरा-वीस किलो भरतो, तो तेव्हा काढायचा. कुर्बानीचा बोकड वर्षाच्या पुढचा लागतो, त्यासाठी आधीच्या वर्षीचे दोन-चार देखणे वेगळे राखावे लागतात. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती, २०२६ मध्ये मे महिन्याच्या अखेरीस येते. म्हणजे आता काही वर्षं मोठे बोकड ऐन टंचाईच्या आधी वाड्यातून बाहेर पडतील. याचा फायदा घ्या. आणि विका ते काट्यावर. टांगता वजनकाटा घ्या, एका बोकडाच्या सौद्यात त्याचे पैसे निघतात.

शेळ्या कधी व्यायच्या हेही आपणच ठरवायचं. शेळी पाच महिन्यांनी विते. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत फळलेली शेळी जून ते सप्टेंबरमध्ये विते, म्हणजे करडू जन्मतं ते चिखलात. ओल, माश्या, जंत, हगवण सगळं त्याच्या पहिल्या महिन्यात. बोकड कळपात मोकळा असेल तर हे होणारच. तुमचं एकच काम आहे: शिवरात्रीच्या महिनाभर आधी बोकड वेगळा बांधा आणि मे महिन्यापर्यंत तिकडेच ठेवा. मे-जूनमध्ये फळलेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला वितात. हवा कोरडी, चारा मुबलक, दूध भरपूर. डिसेंबरची थंडी येईपर्यंत करडू महिन्या-दीड महिन्याचं झालेलं असतं.

यात एक अडचण आहे. उन्हाळ्यात बोकड तापला तर त्याचं बीज कमजोर होतं आणि पुढचे दीड-दोन महिने तसंच राहतं. शेळ्या माजावर येतात, बोकड चढतो, पण त्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये वाड्यातली सगळ्यात गार जागा बोकडाची. झाडाची सावली, दिवसातून तीनदा ताजं पाणी, आणि फळवायच्या महिनाभर आधीपासून मूठ-दोन मुठी मका किंवा हरभरा.

वाड्यासाठी मोठा खर्च करू नका. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन आत कमी शिरतं. एका मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट छप्पर आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा. पत्र्यावर उन्हाळ्यात उसाचं पाचट नाहीतर तुराट्या पसरा, पण बांधून पसरा, नाहीतर मे महिन्यातल्या पहिल्या वावटळीत सगळं शेजारच्या रानात. जमीन मुरमाची आणि बाहेरच्या अंगाला उतार. पावसाळ्यात आणि थंडीत लोक वाडा चारी बाजूंनी गच्च बांधून टाकतात, ते करू नका. तुम्ही सकाळी आत गेलात आणि डोळे चुरचुरले तर तो लेंडी-मुताचा वायू आहे. करडाच्या फुफ्फुसाला थंडीपेक्षा तो जास्त मारतो. गोणपाट लावायचं ते करडाच्या उंचीपर्यंत, वाऱ्याच्या अंगाला. छपराखालची दीड फूट फट उघडी राहू द्या. चुना आठवड्यातून एकदा टाका.

आता त्या सहा करडांकडे येते, कारण ते सगळ्यात टाळण्यासारखं होतं. तुम्ही लिहिलंय की जी धष्टपुष्ट होती तीच गेली, संध्याकाळी उड्या मारत होती आणि सकाळी मेलेली सापडली, आणि गावात कुणी नजर लागली म्हणालं. शवविच्छेदन झालेलं नाही, तरी ही लक्षणं आंत्रविषाराची आहेत. त्याचे जंतू आतड्यात थोडे असतातच. कोवळा लुसलुशीत चारा किंवा धान्य एकदम पोटात गेलं की ते झपाट्यानं वाढून विष सोडतात. जास्त खाणारं, जोरदार करडू आधी जातं ते याच कारणानं. यावर उपचाराला वेळच मिळत नाही, लसच हवी. पहिल्या वर्षी दोन मात्रा, मध्ये दोन ते तीन आठवडे, नंतर दरवर्षी पावसाळ्याआधी एक. आपल्याकडे ही लस मे महिन्यात द्यायची पद्धत आहे आणि तिथंच तुमचं हुकलं. २०२५ मध्ये मान्सून मे महिन्यातच महाराष्ट्रात शिरला आणि त्याच्याही आधी अवकाळीनं रान हिरवं झालं होतं. लशीनं ताकद यायला दोन आठवडे लागतात. आता मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच देऊन घेते. लवकर पाऊस आला तरी शेळी तयार असते, उशिरा आला तरी काही बिघडत नाही. गाभण शेळीला व्यायच्या महिना-दीड महिना आधी दिली तर चिकातून करडालाही संरक्षण मिळतं. घटसर्पाची लसही पावसाआधीच. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची, एकदा दिली की तीन वर्षं बघावं लागत नाही. या लशी सरकारी दवाखान्यात मिळतात. गावातल्या सगळ्या वाड्यांची मिळून एक तारीख ठरवा, म्हणजे डॉक्टर गावात येतात आणि उघडलेली बाटली वाया जात नाही.

पहिल्या पावसानंतर पंधरा दिवस सकाळी आधी पोटभर वाळलेला चारा आणि मगच रान. दव उतरेपर्यंत, म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत सोडू नका. जंतांची पिल्लं ओल्या गवताच्या शेंड्यावर चढून बसलेली असतात. ऊन लागलं की ती खाली उतरतात.

जंतांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण पावसाळ्यात आमच्या भागात शेळ्या मारण्यात यांचा वाटा मोठा आहे आणि औषध सगळ्यात चुकीचं यांच्यावरच वापरलं जातं. पोटातला रक्त पिणारा जंत दिसायला दोऱ्याएवढा, पण एक मादी दिवसाला हजारो अंडी टाकते. उबदार ओलीत आठवड्याभरात त्यातून नवी पिल्लं गवतावर येतात. ऑगस्टमध्ये पावसाची उघडझाप असते तेव्हा त्यांची चंगळ. लोक महिन्या-महिन्याला सगळ्या शेळ्यांना तेच औषध पाजतात, तेही अंदाजानं अर्धं. त्यानं जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. मी दर पंधरा दिवसांनी प्रत्येक शेळीची खालची पापणी ओढून आतला रंग बघते. लालभडक असेल तर सोडून द्यायची. फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवायचं. पांढुरकी दिसली, किंवा जबड्याखाली सूज आली, की वजन करून औषध. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचा फमाचा तक्ता तयार झाला, त्याच्यावरूनच आम्हाला शिकवलं. शेळीचं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं, म्हणून मेंढीची मात्रा शेळीला बहुतेक वेळा पुरत नाही. किती द्यायचं ते डॉक्टरांना वजन सांगून विचारा. बाटलीवरचा मेंढीचा आकडा वाचून पाजू नका.

पाऊस मध्येच दडी मारतो तेव्हाचं संकट वेगळं. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनच्या नोंदीतला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. आमच्याकडे ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. असली खुरटलेली ज्वारी शेळ्यांना सोडून देण्याचा मोह होतो. देऊ नका. तिच्यात विष तयार झालेलं असतं, आपण किराळ लागणं म्हणतो ते हेच. पाऊस पडल्यावर बुडख्याला फुटलेले कोवळे पोंगे त्याहून वाईट. शेळी धापा टाकते, थरथरते, आडवी होते आणि घटकाभरात जाते. यावर डॉक्टरांकडे इंजेक्शन असतं, पण ते पोचायला हवेत. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापा आणि वाळवून द्या. पोळ्याला मोजायचं ते याचसाठी. पोळ्यापर्यंत रानात चारा नसेल तर सहा महिन्यांवरचे बोकड काढून टाका. दसऱ्याला भाव वाढेल म्हणून थांबू नका, चाराच नसेल तर वजन उतरतं आणि वाढलेला भाव त्यातच जातो.

पुराचं सांगताना मलाही जड जातं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना-मांजरेच्या काठच्या गावांत मी गेले होते. जी जनावरं सुटी होती त्यातली कितीतरी उंचवट्यावर सापडली. दाव्याला होती ती तिथंच राहिली. शेळी पोहते, पण दावं तोडू शकत नाही. तुमचा वाडा ओढ्याला लागून असेल तर पावसाळ्यात रात्री शेळ्या बांधू नका, फाटकाच्या आत मोकळ्या ठेवा, आणि फाटकाला कुलूप नको, बाहेरून एका हातानं निघेल अशी कडी ठेवा. इशारा आला की संध्याकाळीच माळावर न्या. विजेचंही तसंच. मे महिन्यात दुपारी आभाळ भरून आलं की एकट्या झाडाखाली कळप उभा करू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं काढलेलं दामिनी ॲप फोनवर घ्या, जवळ वीज पडण्याची सूचना ते देतं.

पूर ओसरला की महिनाभर खुरं बघा. बेचक्यात लाली, घाण वास, लंगडणं दिसलं की शंभर लिटर पाण्यात पाच किलो मोरचूद या हिशेबानं पाणी करून त्यात पाय बुडवा. हे पाणी लोखंडी-पत्र्याच्या भांड्यात ठेवू नका आणि शेळ्यांना पिऊ देऊ नका. साचलेल्या पाण्याकाठी गोगलगायी असतात, तिथलं गवत या हंगामात टाळा.

नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या शेळीला २०२५ मधल्या सरकारी निकषानुसार ४,००० रुपये मिळत होते. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो. मेलेली शेळी पुरण्याआधी कानातल्या बिल्ल्यासकट फोटो काढायचा. तुमच्या चौघींचे फोटो नसतील तर ज्यांनी पाहिलं त्यांच्या सह्या घेऊन तलाठी कार्यालयात जा, पंचनामा झालाय का आणि त्यात तुमचं नाव आहे का ते विचारा. राहिलेल्या अठरा जणींना याच महिन्यात बिल्ले मारून घ्या, विम्यालाही तेच लागतात.

तुमच्या शेळ्यांत पाच गाभण आहेत असं लिहिलंय. पुरानंतर महिना उलटलाय, म्हणजे जंत आता जोरात असतील. आज संध्याकाळी त्या पाचही जणींच्या पापण्या उजेडात ओढून बघा, कंबरेच्या मणक्यावरून हात फिरवा, आणि प्रत्येकीचा रंग, अंदाजे वजन आणि व्यायला किती दिवस राहिलेत ते मला कळवा. गाभणीला चालेल असं औषध कोणतं, हे त्यावरूनच डॉक्टरांना विचारून सांगता येईल.